व्यावसायिक रॉक रेडिओ: सात महिने रोज ऐकल्यानंतर

हा अनुभव एखाद्या उपकरणाचा नाही, एका फॉरमॅटचा, म्हणजे स्टेशनाने ठरवलेल्या संगीताच्या प्रकाराचा आहे. अमेरिकेत ‘मेनस्ट्रीम रॉक’ किंवा ‘ॲक्टिव्ह रॉक’ या पाटीखाली चालणारी व्यावसायिक एफएम स्टेशनं सात महिने ऐकली. मध्य न्यू जर्सीतून, आठवड्याचे पाच दिवस, कामाला जाताना एक तास आणि येताना एक तास, कधी कधी पूर्ण कामाचा दिवस. एडिसन, प्रिन्स्टन, पार्सिपनी भागातल्या, रॉकवर जीव असलेल्या मराठी मंडळींना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहीत आहे. स्टेशनांची नावं घेत नाही, कारण फ्रिक्वेन्सी बदलली तरी अनुभव बदलत नाही.

पहिले तीन आठवडे छान जातात. दुसऱ्या महिन्यात पुढचं गाणं कोणतं येणार याचा अंदाज बरोबर यायला लागतो. चौथ्या महिन्यात जाहिराती कितव्या मिनिटाला सुरू होणार तेही पाठ होतं, आणि तिथून पुढे मात्र राग येतो. हा राग तीच ती गाणी लागतात एवढ्यापुरता नाही. हे सगळं मुद्दाम, हिशेब करून केलेलं आहे हे कळल्यावर तो जास्त येतो.

हिशेब असा. स्टेशनात गाणी माणूस निवडत नाही, शेड्युलिंगचं सॉफ्टवेअर निवडतं. आरसीएस कंपनीचं ‘सिलेक्टर’ १९८०च्या सुमारास आलं, आज त्याची पुढची आवृत्ती आणि ‘म्युझिकमास्टर’ ही दोन नावं सगळीकडे दिसतात. त्यात गाण्यांचे गट असतात: नव्यातली सर्वांत जास्त वाजणारी ‘पॉवर’, त्याखाली मध्यम आणि हलक्या रोटेशनची (रोटेशन म्हणजे गाणी आलटून-पालटून परत लावण्याची फेरी), मग नुकतीच जुनी झालेली ‘रिकरंट’ आणि शेवटी ‘गोल्ड’. एका तासाचं घड्याळ आखलेलं असतं आणि कोणत्या जागी कोणत्या गटातलं गाणं हे ठरलेलं असतं. पॉवर गटात पाच गाणी आणि तासाला एक जागा असेल, तर प्रत्येक गाणं पाच तासांनी परत येतं. आठवड्याचे १६८ तास भागिले ५, म्हणजे साधारण ३४ वेळा. सकाळ-संध्याकाळ एकेक तास ऐकणाऱ्याच्या वाट्याला आठवड्यात पॉवरच्या दहा जागा येतात, म्हणजे तेच गाणं दोनदा. चालेल. पण आठ तास रेडिओ लावून काम करणाऱ्याला तेच गाणं आठवड्यात आठ वेळा ऐकावं लागतं, आणि रॉकमध्ये एक गाणं पॉवरमध्ये दहा-बारा आठवडे सहज टिकतं. शंभरीच्या आसपास पोहोचतो आपण, एकाच गाण्याच्या.

पाचच का, आठ का नाहीत, यालाही कारण आहे. २४ला ८ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे आठ गाणी ठेवली तर रोज सकाळी आठच्या तासाला तेच गाणं लागेल आणि नेमाने ऐकणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येईल. म्हणून पाच, सात, नऊ असे आकडे घेतात. सात गाणी घेतली तर एखादं गाणं त्याच तासाला यायला बरोबर आठवडा लागतो. पुनरावृत्ती कमी करण्यापेक्षा ती लपवण्यावर इतकी बुद्धी खर्च होते, याचं वाईट वाटतं.

तुमच्या स्टेशनाचं रोटेशन तपासणं सोपं आहे. बहुतेक स्टेशनांच्या संकेतस्थळावर ‘नुकतीच वाजलेली गाणी’ अशी यादी असते. सात दिवस सकाळी एकदा आणि रात्री एकदा ती उतरवून स्प्रेडशीटमध्ये टाका, गायकाच्या नावाने नव्हे तर गाण्याच्या नावाने क्रम लावा आणि मोजा. वरची पाच-सहा नावं म्हणजे पॉवर. एक काळजी घ्या: यादी सहसा मर्यादित तासांचीच असते, म्हणून एक वेळ चुकली तर मध्ये भोक पडतं आणि आकडे कमी दिसतात.

जाहिरातींचंही तसंच. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत श्रोते मोजण्यासाठी नीलसन या पाहणी कंपनीचं ‘पोर्टेबल पीपल मीटर’ वापरतात. कार्यक्रमाच्या आवाजात ऐकू न येणारा संकेत मिसळलेला असतो आणि नमुन्यातल्या माणसाच्या अंगावरचं छोटं यंत्र तो टिपतं. मोजणी पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत होते. पूर्वी एका तुकड्यात पाच मिनिटं ऐकलं की तो पूर्ण तुकडा स्टेशनाच्या खात्यात जमा व्हायचा, २०२५ पासून तीन मिनिटं पुरतात. म्हणून जाहिरातींचे दोन मोठे ब्रेक मुद्दाम तुकड्यांच्या सीमेवर ठेवतात: एक १२ ते १९ मिनिटांच्या आसपास, दुसरा ४२ ते ४९. असं केलं की चारही तुकड्यांत संगीत पुरेसं उरतं आणि चारही जमा होतात. सगळीच स्टेशनं हाच हिशेब करतात, त्यामुळे ब्रेक लागला म्हणून दुसरं बटण दाबावं तर तिथेही गाड्यांच्या आणि वकिलांच्याच जाहिराती. तासाला १४ मिनिटं जाहिराती, दोन-तीन मिनिटं स्टेशनाच्या स्वतःच्या गर्जना, उरलेल्या वेळात दहा-अकरा गाणी बसतात. वीस-बावीस मिनिटांचा प्रवास असेल तर घड्याळात २० झाल्यावर निघा, ब्रेक बहुतेक टळतो. ४० झाल्यावर निघालात तर एक तृतीयांश प्रवास जाहिरातींत जातो.

निवेदकाचं बोलणंही या मीटरनेच कापलं. बोलायला लागलं की आकडा खाली येतो असं दिसलं, म्हणून आता पंधरा सेकंदांत स्टेशनाचं नाव आणि बक्षिसाची घोषणा. अनेकदा तो आवाज दुसऱ्याच शहरात आधी रेकॉर्ड केलेला असतो. गाणं कोणाचं, कोणत्या अल्बममधलं, ड्रमवर कोण, हे कुणी सांगत नाही. ‘आपली आवड’ ऐकत वाढलेल्या माणसाला हे फार खटकतं. आकाशवाणीवर गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावं आदराने घेतल्याशिवाय गाणं लागत नसे.

आता मुख्य तक्रार, गाण्यांबद्दल. गाणं रोटेशनमध्ये राहणार की जाणार हे ‘हुक’च्या चाचणीवर ठरतं. सात ते दहा सेकंदांचा तुकडा, बहुतेक वेळा कोरसचाच (ध्रुवपदाचा), लोकांना फोनवर किंवा आता ऑनलाइन ऐकवतात आणि विचारतात: ओळखीचं आहे का, आवडतं का, कंटाळा आलाय का. जुन्या गाण्यांसाठी एका सभागृहात शंभरेक माणसं बसवून पाचशे-सहाशे तुकडे एका बैठकीत वाजवायची पद्धत होती. यात हरतं कोण? ज्या गाण्याचा जीव सात सेकंदांत मावत नाही ते. सावकाश चढत जाणारं, मध्येच ताल बदलणारं, सहा मिनिटांचं, पहिल्यांदा ऐकताना अनोळखी वाटणारं. मैफलीतली बडा ख्यालाची आलापी वगळून फक्त शेवटच्या तिहाईवर गुण दिले तर काय होईल, तसंच इथे होतं.

आणि मग बँड आणि निर्माते याच चाचणीसाठी गाणी बांधतात. १९९०च्या उत्तरार्धापासूनचा साचा बघा. गिटारची सर्वांत जाडी तार ई वरून डी वर उतरवायची, म्हणजे एका बोटाने जड कॉर्ड धरता येते. दहा सेकंदांच्या आत आवाज सुरू. कडव्यात तारा तळव्याने दाबून वाजवायच्या, पंचेचाळीस सेकंदांच्या आसपास सगळं उघडून कोरस, त्यात गायकाचे चार-चार थर. दुसऱ्या कोरसनंतर थोडी शांतता, मग शेवटचा दुप्पट कोरस. सोलो असलाच तर रेडिओच्या आवृत्तीत कापलेला. ड्रमचे ठोके संगणकावर रेघेला चिकटवलेले आणि खऱ्या ठोक्याच्या जागी तयार नमुन्याचा आवाज बसवलेला, म्हणून पाच बँडचे ड्रमर एकच वाटतात. कॅनडाच्या निकेलबॅकची २००१ आणि २००३ सालची दोन गाजलेली गाणी एक डाव्या आणि एक उजव्या कानात एकाच वेळी लावून पाहा. कडवं कडव्यावर आणि कोरस कोरसवर बसतो. त्यातलं २००१चं गाणं त्या दशकात अमेरिकी रेडिओवर सर्वाधिक वाजलेलं गाणं ठरलं. बँडमध्ये कौशल्य नाही असं नाही, शाईनडाउनचा गायक तर विलक्षण ताकदीचा आहे. पण एका साच्यातली दहा गाणी ओळीने ऐकली की ताकदही कळेनाशी होते.

हे असंच चालत आलेलं नाही. १९६७ साली टॉम डोनाह्यू यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या केएमपीएक्स या एफएम स्टेशनावर आपल्या मर्जीने लांब लांब गाणी लावायला सुरुवात केली, आणि एफएमवरचा रॉक तिथून वाढला. सत्तरच्या दशकात ली अब्राम्स यांच्यासारख्या सल्लागारांनी श्रोत्यांची पाहणी करून याद्या आखल्या, त्या अनेक शहरांत एकसारख्या चालल्या. खरा घाव १९९६च्या दूरसंचार कायद्याने घातला. तोवर एका कंपनीला देशभरात एएम-एफएम मिळून ४० स्टेशनांची मर्यादा होती. ती उठली, मोठ्या शहरात एकाच मालकाला आठ स्टेशनं घेता येऊ लागली, आणि क्लिअर चॅनेल ही रेडिओ कंपनी काही वर्षांत १२०० स्टेशनांच्या पुढे गेली. पुढे तिच्यावर मोठं कर्ज चढलं. आयहार्टमीडिया असं नाव घेतलेल्या याच कंपनीने २०१८ साली दिवाळखोरीतल्या फेररचनेसाठी अर्ज केला, त्याच्या आदल्या वर्षी क्युम्युलस या दुसऱ्या रेडिओ कंपनीने. व्याज भरायचं असेल तर सर्वांत आधी स्थानिक निवेदक आणि गाण्यांची यादी सांभाळणारा माणूस कमी होतो. यादी अरुंद व्हायचं एक मोठं कारण हेच.

पैसे घेऊन गाणी लावण्याचा प्रकारही जुना आहे. घोषणा न करता पैसे घेणं १९६० सालीच कायद्याने गुन्हा ठरलं. पुढे मध्यस्थ ‘स्वतंत्र प्रमोटर’ आले. २००५ साली न्यूयॉर्कचे ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांच्या चौकशीनंतर सोनी बीएमजी या रेकॉर्ड कंपनीने एक कोटी डॉलर भरून तडजोड केली, इतर बड्या कंपन्यांनीही पाठोपाठ केली. २००७ साली चार रेडिओ कंपन्यांनी सव्वा कोटी डॉलर भरले आणि स्थानिक व स्वतंत्र कलाकारांसाठी अर्ध्या तासाचे ८४०० कार्यक्रम देण्याचं मान्य केलं. ऐकायला मोठं वाटतं. ४२०० तास या कंपन्यांच्या हजाराहून अधिक स्टेशनांत वाटले की दर स्टेशनामागे जास्तीत जास्त चार तास, तेही एकदाच.

आवाजाबद्दल थोडक्यात. प्रक्षेपणाआधी ऑप्टिमॉड किंवा ऑम्निया जातीच्या प्रोसेसरमधून संगीत दाबून घेतात (हळू आणि मोठ्या आवाजातला फरक कमी करतात), म्हणजे डायल फिरवताना आपलं स्टेशन शेजाऱ्यापेक्षा मोठं वाटावं. आधीच दाबून मास्टर केलेलं रॉक पुन्हा दाबलं की झांजा खरखरतात आणि दोन तासांत कान शिणतात. गाडीतला ‘लाउडनेस’ बंद करा, ट्रेबल एक-दोन पायऱ्या खाली घ्या, थोडा फरक पडतो.

पर्याय डायलच्या डाव्या टोकाला, ८८ ते ९२ मेगाहर्ट्झमध्ये आहेत. तो पट्टा अव्यावसायिक स्टेशनांसाठी राखीव आहे. साउथ ऑरेंजच्या सेटन हॉल विद्यापीठाचं ८९.५, म्हणजे डब्ल्यूएसओयू, विद्यार्थी चालवतात आणि १९८६ पासून तिथे हेवी मेटल आहे. निवेदक अडखळतात, बास्केटबॉलचा सामना असला की संगीत थांबतं, पण एका संध्याकाळी तिथे जितके अनोळखी बँड भेटतात तितके व्यावसायिक स्टेशनावर महिन्यात भेटत नाहीत. जर्सी सिटीचं ९१.१, डब्ल्यूएफएमयू, कोणतीही जाहिरात घेत नाही आणि निवेदकाला पूर्ण मोकळीक देतं. प्रिन्स्टनचं १०३.३ राखीव पट्ट्याबाहेर असूनही त्याच वळणाचं आहे.

यांतल्या पहिल्या दोघांचे प्रक्षेपक लहान, त्यामुळे घरात खरखर होते. दोन तारांचा साधा डायपोल अँटेना करा: ९० मेगाहर्ट्झसाठी एकूण लांबी साधारण १.५८ मीटर, प्रत्येक हात ७९ सेंटिमीटर. आडवा, खिडकीजवळ, स्टेशनाच्या दिशेला काटकोनात. तरीही सळसळ राहिली तर मोनो करा, कारण स्टिरिओला कितीतरी जास्त सिग्नल लागतो. गाडीत खरखर असेल तर आधी यूएसबी चार्जर आणि डॅशकॅम काढून पाहा, स्वस्त चार्जरचा गोंगाट नेमका एफएममध्ये शिरतो. शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर मोठ्या स्टेशनाचं एचडी (डिजिटल) प्रक्षेपण असेल तर त्याच्या बाजूच्या लहरी कमजोर स्टेशनावर पडतात. त्यावर दिशा बदलण्यापलीकडे श्रोत्याच्या हातात काही नाही.

पुण्या-मुंबईतून ऐकायचं तर इंटरनेटवर सिएटलचं केईएक्सपी घ्या. तिथले सकाळचे सात म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. १२८ केबीपीएसच्या प्रवाहाला तासाला साधारण ५८ एमबी लागतात, रोज दोन तास ऐकलं तर महिन्याला साडेतीन जीबी. निवेदक गाण्यानंतर नावं सांगतात आणि त्याच वेळी ती संकेतस्थळावरही दिसतात.

व्यावसायिक स्टेशनासाठी आता सहा प्रीसेटपैकी एकच बटण ठेवलं आहे, वाहतुकीच्या बातम्यांपुरतं. पहिल्या बटणावर ८९.५ आहे. मार्चमध्ये ९१.१वर वर्गणीची मॅरेथॉन असते. त्या दिवसांत संगीत कमी आणि आवाहनं जास्त असतात, पण वर्गणी भरावी. त्या स्टेशनाचा कारभार श्रोत्यांच्या पैशावर चालतो.