पहिली भाषा कोणती: व्हेरिलॉग की व्हीएचडीएल?

एफपीजीए (आतले सर्किट आपल्याला हवे तसे घडवता येणारी चिप) शिकू पाहणाऱ्यापुढे पहिला प्रश्न सर्किटचे वर्णन लिहिण्याच्या भाषेचा असतो. व्हीएचडीएल अमेरिकी संरक्षण खात्याच्या गरजेतून जन्मली आणि १९८७ मध्ये आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेने तिला प्रमाणित केले. व्हेरिलॉग एका खासगी कंपनीत घडली आणि १९९५ मध्ये प्रमाणित झाली. दोन्हींतून सारखेच सर्किट तयार होऊ शकते, त्यामुळे आपली चूक कोणती भाषा किती लवकर दाखवते, हीच मला खरी कसोटी वाटते.

या कसोटीवर व्हीएचडीएल सरस ठरते. आठ बिटांची बेरीज चार बिटांच्या सिग्नलला दिली तर ती नाकारते. व्हेरिलॉग वरचे चार बिट गाळून पुढे जाते, आणि टूलने इशारा दिलाच तरी तो इतर संदेशांच्या गर्दीत सहज नजरेआड होतो. मॉड्यूल जोडताना वायरचे नाव चुकले, तर व्हेरिलॉग त्या नावाची एक बिटाची नवी वायर गृहीत धरते. (फाइलच्या आरंभी ‘डिफॉल्ट नेटटाइप नन’ हा निर्देश लिहिला की हे थांबते, नवशिक्याने तो पहिल्या दिवसापासून लिहावाच.) याहून घातक चूक ब्लॉकिंग असाइनमेंटची (किंमत तत्काळ बदलणाऱ्या विधानाची) आहे: एकाच क्लॉकवर, म्हणजे सर्किटला ताल देणाऱ्या सिग्नलवर, चालणाऱ्या दोन ब्लॉकांपैकी एकात ती वापरून दुसऱ्यात तीच किंमत वाचली, तर आधी कोणता ब्लॉक चालेल हे भाषा ठरवून देत नाही, आणि मग सिम्युलेशन एक दाखवते व बोर्डवर वेगळेच घडते.

व्हीएचडीएलच्या शिस्तीची किंमत म्हणजे लांबलचक लेखन आणि सततची टाइप-रूपांतरे. साध्या काउंटरलाही बरीच प्रस्तावना लागते.

टूलांच्या बाबतीत पारडे व्हेरिलॉगकडे झुकते. आयकारस आणि व्हेरिलेटर हे मुक्त सिम्युलेटर तिच्यासाठी आहेत, आणि योसिस हे सिंथेसिस टूल (लिहिलेल्या वर्णनाचे सर्किटमध्ये रूपांतर करणारे) ती थेट वाचते. व्हीएचडीएलसाठी योसिसला जीएचडीएल या मुक्त व्हीएचडीएल टूलचे प्लगइन जोडावे लागते. लॅटिसच्या आइस४० चिपवर मुक्त टूलांनी एकट्याने शिकणाऱ्याने म्हणूनच व्हेरिलॉग घ्यावी. ज्याच्या अभ्यासक्रमात किंवा कामात व्हीएचडीएल आहे, त्याने मात्र तिच्या लांबीला कंटाळून भाषा बदलू नये.

एका बाबतीत दोन्ही भाषा सारख्याच निष्ठुर आहेत. क्लॉकविना चालणाऱ्या तर्कात एखाद्या शाखेत आउटपुटला किंमत द्यायची राहिली, की नको असलेला लॅच (जुनी किंमत धरून ठेवणारा घटक) तयार होतो; म्हणून ब्लॉकच्या सुरुवातीलाच प्रत्येक आउटपुटला मूळ किंमत द्यावी आणि सिंथेसिसचा अहवाल दर वेळी वाचावा.