गिट-फ्लो आणि कमिटचे नियम: नऊ महिने आणि एका सोयाबीन हंगामानंतर

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनात ब्रँच (कोडची समांतर शाखा) आणि कमिट (संदेशासह नोंदलेला एक बदल) यांचे नियम आम्ही फेब्रुवारीत घालून घेतले; त्यांबद्दल मी उन्हाळ्यातच लिहिणार होतो. लिहिले नाही हे बरे झाले, कारण तेव्हाचे माझे मत ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी बदलले. आम्ही लातुरात पाच जण मिळून आडत दुकानांसाठी हिशोबपट्टीचे सॉफ्टवेअर तयार करतो. सोयाबीनची आवक ऐन भरात असताना एका आडत्यांचा फोन आला: "सर, तुमचं सॉफ्टवेअर तोलाई पुन्हा दोनदा कापायलंय बघा, शेतकरी समोर बसून हाय." त्यातला "पुन्हा" मला झोंबला, कारण हीच चूक आम्ही बारा दिवसांपूर्वी दुरुस्त करून दिली होती.

गिट-फ्लो म्हणजे पाच प्रकारच्या ब्रँचची मांडणी: मेन (पक्का कोड), डेव्हलप (पुढच्या आवृत्तीचे काम), फीचर (एकेक नवी सोय), रिलीज (डेव्हलपमधून निघणारी, आवृत्ती देण्याआधीची तयारी) आणि हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती). हॉटफिक्स मेनमधून निघतो आणि काम झाल्यावर मेन व डेव्हलप या दोन्हींत मर्ज होतो, म्हणजे मिसळला जातो, हा तिचा कणा. आम्ही मात्र घाईच्या दिवसांत मर्ज न करता हॉटफिक्सचे कमिट चेरी-पिक करून, म्हणजे एकेक उचलून त्याची नक्कल करून, डेव्हलपवर आणत होतो, आणि नवी आवृत्ती मेनमध्ये मर्ज होण्याआधीच थेट रिलीज ब्रँचवरून ग्राहकांच्या संगणकांवर चढवत होतो. तोलाईची दुरुस्ती मेनमध्ये होती, डेव्हलपमध्ये आणायची राहून गेली होती, आणि त्यामुळे नव्या आवृत्तीबरोबर जुनी चूक दुकानात परत पोचली.

त्या रात्री मेनमध्ये असलेले पण डेव्हलपमध्ये नसलेले कमिट पाहण्यासाठी मी गिट लॉग या कमिटची यादी देणाऱ्या आज्ञेला दोन ब्रँचमधले अंतर विचारले. मर्ज कमिट वगळूनही चौदा ओळी आल्या, कारण चेरी-पिक केलेल्या कमिटचा हॅश (ओळखक्रमांक) बदलतो आणि तोच बदल दुसरीकडे पोचलेला असला तरी मूळ कमिट यादीत दिसतच राहतो. आता केवळ संदेश वाचूनच कोणती दुरुस्ती राहिली हे कळणार होते, आणि चौदापैकी अकरा संदेश अगदी एकसारखे होते: "फिक्स: बग".

येथून पुढे मी एकाच गोष्टीवर रेंगाळणार आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. आमच्या नियमात कमिटच्या संदेशाची पहिली ओळ 50 अक्षरांपेक्षा मोठी नको असे होते. हा संकेत गिट वापरणाऱ्यांत जुना आहे आणि वाईटही नाही. परंतु आम्ही संदेश मराठीत लिहितो, कारण तोलाई, हमाली, पट्टी या शब्दांना इंग्रजी पर्याय शोधण्यात कोणाचाच वेळ जाऊ नये असे माझेच मत होते. सर्व्हरवरची प्री-रिसीव्ह हुक (आलेले कमिट स्वीकारण्याआधी तपासणारी स्क्रिप्ट) मीच लिहिली होती आणि तिच्यात लांबी मोजायला डब्ल्यूसी ही आज्ञा सी पर्यायासह वापरली होती, जी अक्षरे न मोजता बाइट मोजते. यूटीएफ-8 या अक्षरसंकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते, आणि काना, वेलांटी, हलन्त हीसुद्धा वेगळी चिन्हे असतात. "पट्टीतील तोलाई दुरुस्त" या तीन शब्दांत 20 चिन्हे आणि दोन मोकळ्या जागा आहेत, म्हणजे 62 बाइट. हुक तो संदेश परत पाठवणारच. मुलांनी आठवडाभर शब्द कापून पाहिले, आणि मग जो संदेश हमखास बसतो तो सगळ्यांनी पाठ केला. मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. लॉग आटोपशीर दिसतो याचे मला तेव्हा समाधानच वाटत होते.

मी सी पर्याय बदलून अक्षरे मोजणारा एम पर्याय घातला तरी आकडे हलले नाहीत. सर्व्हरची लोकेल, म्हणजे भाषा व अक्षरांची सेटिंग, मूळच्या "सी" नावाच्या लोकेलवर होती आणि तिच्यात एम पर्यायही बाइटच मोजतो. लोकेल यूटीएफ-8 केल्यावर गणित जमले. आता मर्यादा 72 आहे, आणि ती ओलांडल्यास हुक इशारा देते, अडवत नाही.

जूनमध्ये माझे मत असे होते की पाच जणांना गिट-फ्लो म्हणजे अंगणाएवढ्या शेताला ट्रॅक्टर. व्हिन्सेंट ड्रिसेन यांनी ही पद्धत 2010 मध्ये मांडली आणि 2020 मध्ये त्यांनीच त्यावर टीप जोडली की सतत तैनात होणाऱ्या वेब ॲपसाठी याहून सोपी पद्धत घ्यावी. मी ती टीप अर्धीच वाचून सगळ्यांना ऐकवत असे. उरलेल्या अर्ध्या भागात म्हटले आहे की ज्यांच्या अनेक आवृत्त्या एकाच वेळी वापरात असतात, त्यांना ही पद्धत अजूनही योग्य ठरू शकते. आमच्या तीन आवृत्त्या आज वेगवेगळ्या दुकानांत चालू आहेत, तेव्हा मी माझे जूनचे बोलणे मागे घेतो.

खर्चाचेही सांगितले पाहिजे. आधी आम्ही जी सेवा वापरत होतो तिच्या मोफत योजनेत खासगी रिपॉझिटरीला (कोडच्या साठ्याला) ब्रँच प्रोटेक्शन, म्हणजे ब्रँचवर नियम लादण्याची सोय, मिळत नाही, आणि पाच जणांचे मासिक शुल्क भरायला माझे मन होईना. म्हणून कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावर स्वतःची बेअर रिपॉझिटरी (फक्त नोंदींचा सामाईक साठा) ठेवली. हुक सर्व्हरवर असल्याने हुक टाळणारा नो-व्हेरिफाय पर्याय लावून कोणाला पळवाट काढता येत नाही. पैसे वाचले हे खरे. पण वीज गेल्यावर पुश करायला (कमिट सर्व्हरवर पाठवायला) इन्व्हर्टरकडे पाहावे लागते, आणि त्याची बॅटरी या महिन्यात बदलावी लागली.

हॉटफिक्स आता चेरी-पिक न करता मर्जच करतो. अगदी नाइलाज झाला तर चेरी-पिकला एक्स पर्याय लावतो, म्हणजे मूळ कमिटचा हॅश संदेशातच नोंदला जातो. रिलीजच्या आदल्या दिवशी गिट चेरी ही आज्ञा चालवतो. ती हॅशऐवजी बदलाचा मजकूर ताडून पाहते आणि जो बदल खरोखर पोचलेला नाही त्याच्यापुढेच अधिकचे चिन्ह देते. ही आज्ञा त्या रात्री ठाऊक असती तर चौदा ओळी एकेक उघडून पाहण्यात अडीच तास गेले नसते. गेल्या रिलीजला एकच अधिक चिन्ह आले, आणि त्याच्या संदेशात लिहिले होते: "फिक्स: हमालीची रक्कम पट्टीवर दोनदा छापली जात होती".