तांबट आळीतली सात लिटरची हंडी: आठ महिने, अकरा बिर्याण्या

तांब्याची हंडी घरी आणली त्या दिवशी बायको एवढंच म्हणाली, "इतक्या पैशांत वर्षभर बाहेरून बिर्याणी आली असती." हिशेब तिचा चुकला नव्हता. झाकणासकट तीन किलो चारशे ग्रॅम, ४,८०० रुपये. आतली कल्हई, म्हणजे कथिलाचा मुलामा, त्यातच धरलीय, हे दुकानदाराने उपकार केल्यासारखं सांगितलं.

मी मूळचा नांदेडचा. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता हे मला इतिहासाच्या पुस्तकाआधी जेवणातून कळलं. आमच्या गल्लीत समोर राहणाऱ्या खाला ईदला कच्च्या गोश्तची बिर्याणी लावायच्या. अंगणात, कोळशावर, बाहेरून काळ्याकुट्ट आणि आतून चांदीसारख्या देगचीत. आमच्याकडे मटण व्हायचं ते पितळी पातेल्यात, काळ्या मसाल्याचा रस्सा, सोबत ज्वारीची भाकरी. भात आपला वेगळा. कच्चं मटण खाली, अर्धा शिजलेला तांदूळ वर, आणि दोघं एकाच वेळी तयार होतात, हे गणित मी खालांच्या अंगणात पाहिलं. झाकणाकडे हात गेला की चापट बसायची. "दम कू छेडने का नै, बेटा."

पुण्यात आल्यावर पंधरा वर्षं हीच बिर्याणी जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, जाड पातेल्यात केली. चव जमायची, बूड जमायचं नाही. बिर्याणी काढून झाली की पातेल्याच्या तळाला बर्नरएवढं काळं कडं, अगदी कंपासने काढल्यासारखं, आणि कडेचं मटण मात्र अजून पाणचट. खाली तवा ठेवून पाहिला, आच कमी करून पाहिली. कडं बारीक व्हायचं, जायचं नाही. मध्ये एकदा ऑनलाइन एक 'खास बिर्याणीचं' नॉनस्टिक भांडं मागवलं. त्याचं बूड इतकं पातळ निघालं की आता त्यात आम्ही शेंगदाणे भाजतो.

म्हणून तांबट आळी. कसब्यातली ही तांबटांची वस्ती पेशवाईपासूनची. गल्लीत शिरलात की आधी ठोक्यांचा आवाज येतो. भांड्याच्या अंगावर जे बारीक बारीक खळगे दिसतात ते मठारकाम. ते नुसतं शोभेसाठी नसतं. ठोकून ठोकून तांबं कडक होतं, नाहीतर एवढा मऊ धातू पोचे पडून वाकडा झाला असता. मी चार हंड्या उचलून पाहिल्या. दोन दिसायला देखण्या होत्या, पण हातात हलक्या, शोकेसमध्ये ठेवायच्या. घेतली ती वजनाने जड आणि दिसायला ओबडधोबड. सात लिटरची खात्री दुकानदाराने तांब्याने पाणी ओतून करून दिली. एक किलो मटण आणि पाऊण किलो बासमतीला एवढी लागतेच. पाच लिटरच्या हंडीत तांदूळ झाकणाला टेकतो आणि वाफेला फिरायला जागा उरत नाही.

तांब्याला आत कल्हई का हवी, हे बिर्याणीत तर सांगायलाच नको. अर्धा किलो दही, वर लिंबू. उघड्या तांब्याला आंबट लागलं की पदार्थ कळकतो, आणि कळकलेलं मटण कुत्र्यालाही घालू नये.

पहिल्या बिर्याणीला मी जुन्याच पद्धतीने गेलो. खांद्याचं आणि मांडीचं मटण, चार नळ्या, रात्रभर मुरवलेलं. त्यात आलं-लसूण, हिरवी मिरची, दही, तळलेला कांदा हाताने चुरून, शहाजिरं, आणि कच्च्या पपईचा एक चमचा गर. पपई जास्त झाली तर मटणाचा खिमा होतो, म्हणून चमचा म्हणजे चमचाच. तांदूळ अर्धा तास भिजवून, खारट उकळत्या पाण्यातून मधे कणी राहील असा उपसला. झाकणाला कणकेची वळी लावली. आधी मोठी आच, मग तव्यावर मंद.

फरक कानाला आधी कळला. जर्मनच्या पातेल्यात बुडाशी एकच आवाज यायचा, मधोमध. इथे हंडीभर खदखद चालू होती, चारी अंगांनी. बाराव्या मिनिटाला वळीच्या एका फटीतून वाफेची रेघ निघाली. मी आच उतरवली. साधारण चाळीस मिनिटांनी खदखदीची चरचर झाली, म्हणजे पाणी आटून तूप सुटलं. गॅस बंद, वर पंधरा मिनिटं हात नाही. कणीक फोडली तेव्हा बूड बघायची मला एवढी घाई होती की केशराकडे लक्षच गेलं नाही. उलथनं खरवडलं. तळाचा मसाला सगळीकडे सारखा, बदामी. कडं नव्हतं. नळी ताटात आपटली आणि मगज निघाला.

आता तक्रारी, कारण त्याही आहेत. तांबं नुसतं बुडाला नाही, भिंतीलाही तापतं. दुसऱ्या खेपेला कडेचा तांदूळ वाळून हंडीला चिकटला. तेव्हापासून तांदूळ पसरण्याआधी भिंतीला वरपर्यंत तूप फिरवतो आणि मंद आचेची पाच-सात मिनिटं कमी करतो. बूड गोलसर आहे, त्यामुळे गॅसच्या जाळीवर हंडी डुगडुगते. तव्यावर बसते, पण सुरुवातीच्या मोठ्या आचेला जीव मुठीत. भरलेली हंडी आठ किलोच्या आसपास जाते आणि पितळी कड्या पकडवत नाहीत इतक्या तापतात. दोघं लागतात, दोन जाड फडकी लागतात, आणि दोघांचं त्या दिवशी भांडण झालेलं नसावं लागतं.

सगळ्यात मोठी चूक मात्र माझी. चौथ्या वेळी तूप घालायचं म्हणून रिकामी हंडी गॅसवर ठेवली आणि फोन वाजला. ताईचा होता, म्हणजे लवकर संपणारा नव्हता. परत आलो तर तळाशी पारा सांडल्यासारखे चकचकीत मणी जमलेले आणि मधे तांब्याचा लाल पट्टा उघडा. कथील २३२ अंशांना वितळतं. रिकाम्या हंडीला गॅसवर तिथवर पोचायला वेळ लागत नाही. त्या दिवशी बिर्याणी पुन्हा जर्मनमध्ये, कड्यासकट. याच कारणाने कांदाही यात तळायचा नाही. त्याला लोखंडी कढई बरी.

दारावर 'कल्हईऽऽ' ओरडत येणारा माणूस आता आमच्या भागात येत नाही. मीच पोत्यात हंडी घालून पेठेत नेली. कारागिराने ती आगीवर फिरवली, आत नवसागर टाकला, पांढरा धूर उठला, कथिलाची कांडी टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने एका दमात पुसत नेली. लाल हंडी डोळ्यांदेखत पांढरी होत गेली. मग पाण्यात बुडवली, चर्रर्र. सगळं मिळून दहा मिनिटं, चारशे रुपये. गळ्यापाशी दुकानाची मूळ कल्हई पातळ लागली होती, हे त्याने नख फिरवून दाखवलं. हे विकत घेतानाच बघायला हवं होतं. आत बोट फिरवा, लाल झाक दिसली तर तिथेच परत लावून मागा.

धुण्याचं म्हणाल तर आतून तारेची घासणी वर्ज्य. कोमट पाण्यात तासभर भिजवायची आणि मऊ काथ्याने पुसायची. ढवळायला लाकडी उलथनंच. बाहेरून चिंच-मीठ किंवा पितांबरी. दोन महिने मी हौसेने घासली, आता काळी पडली तशी राहू देतो. खालांचीही काळीच होती.

महिन्यातून एकदा तरी दमाचं काही करत असाल आणि कल्हईवाला रिक्षाच्या अंतरावर असेल, तर घ्या. वर्षातून दोनदा बिर्याणी करणाऱ्याने जाड पातेलं, खाली तवा आणि थोडं कडं यावर भागवावं. मसाला जमला असेल तर पाहुणे बूड बघत नाहीत. पाचातला एक तारा मी कापतोय तो डुगडुगण्याबद्दल.

मागच्या रविवारी खालच्या मजल्यावरच्या काकू हंडी मागायला आल्या, नातवाच्या वाढदिवसाला. नाही कसं म्हणायचं या विचारात मी असतानाच त्यांनीच विचारलं, "इंडक्शनवर चालते ना रे?" तांबं इंडक्शनवर तापत नाही. इतकं आनंदाने 'नाही' मी कधी म्हटलं नव्हतं.