स्लायडर घ्यावा की नॉब?

कॉम्प्युटरचा आवाज वगैरे हाताने कमी-जास्त करायची छोटी पेटी घरी बनवायची, तर पॉट लागतो: सरकवायचा (स्लायडर) किंवा फिरवायचा (नॉबवाला) सुटा भाग. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास तो मागायला गेलं की काउंटरवरून विचारतात, "ए का बी?" पहिल्यांदा मी म्हणालो, "कुठलाही द्या." घरी आल्यावर कळलं, ए म्हणजे लॉग, आधी हळूहळू आणि शेवटी झपाट्याने वाढणारा. स्लायडर निम्म्यावर आणला तरी आकडा पंधरा टक्क्यांच्या आसपासच घुटमळत होता. आपल्या कामाला लिनियर, म्हणजे सरकवू तेवढाच वाढणारा बी लागतो, तोही १० के (दहा हजार ओहमचा). स्लायडर असो वा फिरता पॉट, एवढं पाठ करूनच दुकानाची पायरी चढा.

आता पेटीवर काय बसवायचं? मीटिंग, ब्राउझर, गाणी, गेम असे चार आवाज हाताखाली हवे असतील तर स्लायडरच. चारही दांड्या कुठे आहेत ते बघता क्षणी कळतं, न बघता बोटांनाही कळतं. नॉबवरच्या बारीक रेघा वाचायला मान वाकवावी लागते.

फोटो एडिटिंगला मात्र स्लायडर नको. एका फोटोचं एक्स्पोजर वाढवलं, पुढचा उघडला, त्याचं शून्यावर. दांडी मात्र वरच. हात लागला की चित्र एकदम पांढरं फटक. मोटरवाला स्लायडर स्वतःहून जागेवर येतो, पण खिसा रिकामा करतो. इथे रोटरी एन्कोडर लावा. दिसायला फिरत्या पॉटसारखाच, पण पॉट साधारण ३०० अंशांत अडतो, हा फिरतच राहतो. स्वतःची जागा त्याला ठाऊकच नसते. एक टिचकी पुढे की मागे, एवढंच सांगतो. ईसी ११ या नेहमीच्या एन्कोडरला फेरीमागे २० टिचक्या. एक टिचकी म्हणजे कीबोर्डवरचं व्हॉल्यूमचं बटण एकदा दाबणं धरा, तर विंडोजमध्ये आवाज दरवेळी २ ने सरकतो, म्हणजे शून्य ते शंभर अडीच फेऱ्या. दांडा दाबला की म्यूट, तेही त्यातच.

प्रो मायक्रो या पेटीतल्या छोट्या कंट्रोलर बोर्डवर स्लायडरला एक अ‍ॅनालॉग पिन लागते, एन्कोडरला दोन डिजिटल आणि बटणाची तिसरी. स्लायडरचं ० ते १०२३ मधलं रीडिंग थरथरतं. कोडमध्ये सरासरी काढा.

सुतारकामात नॉब जिंकतो: ७ मिलिमीटरचं भोक पाडलं की झालं. स्लायडरला सरळ खाच हवी, आणि त्या खाचेतून धूळ आत जाते. आमच्यासमोर बांधकाम सुरू आहे. खिडकीजवळची पेटी सहा महिन्यांत खरखरायला लागली. आता रात्री तिच्यावर जुना पंचा टाकतो.

माझ्या पेटीवर तीन स्लायडर आणि उजव्या हाताशी एक एन्कोडर. तिसरी खाच कानशीने घासताना तिरकी गेली, त्यामुळे गाण्यांचा आवाज सत्तरवर जरा अडतो.