फ्लॅट एकतिसाव्या मजल्यावर, सीसी अकरापर्यंत

आमच्या करारनाम्याचं 87 वं पान मी पहिल्यांदा वाचलं ते सही केल्यावर तीन वर्षांनी. त्या पानावर महापालिकेच्या सीसीची, म्हणजे बांधकाम सुरू करण्याच्या दाखल्याची, पुसट झेरॉक्स होती. खाली शिक्क्याजवळ लिहिलं होतं की परवानगी अकराव्या मजल्याच्या स्लॅबपर्यंतच आहे. आमचा फ्लॅट एकतिसाव्या मजल्यावर होता.

मी पतपेढीत नोकरी करते. गेली 26 वर्षं दुसऱ्यांची कर्जप्रकरणं तपासतेय. जामीनदाराची सही जराशी वेगळी दिसली तरी फाईल परत पाठवते, म्हणून हे लिहायला जीव कचरतो. पण गेल्या महिन्यात घरात जे झालं त्यानंतर गप्प बसणं बरं नाही.

2014 साली सासऱ्यांची परळची खोली विकली. पागडीची, दहा बाय बाराची, संडास गॅलरीच्या टोकाला. मालकाचा हिस्सा देऊन हातात जे उरलं त्यात थोडी भर घालून भांडुपला टॉवरमध्ये घर घ्यायचं ठरलं. दसऱ्याला बुकिंग केलं. सॅम्पल फ्लॅट जमिनीवरच, पत्र्याच्या शेडमध्ये होता, पण आत एसी, आणि खिडकीच्या जागी भिंतभर फोटो: पूर्वेला खाडी, पश्चिमेला नॅशनल पार्कचे डोंगर. सासूबाई त्या फोटोसमोर बराच वेळ उभ्या होत्या.

सेल्समध्ये एक मुलगा होता, कुडाळचा. माझं माहेर सावंतवाडीजवळचं. हे कळल्यावर तो एकदम मालवणीवर आला. ‘ताई, मी तुमका खोटा सांगतलंय काय?’ खरं सांगायचं तर तो खोटं एकही वाक्य बोलला नाही. टॉवर चाळीस मजल्यांचा ‘आहे’ असं तो कधी म्हणाला नाही, ‘होतोय’ म्हणाला. परवानग्यांचं विचारलं तर ‘सगळ्या येतायत’. आम्ही ‘आल्यात’ असं ऐकलं.

किंमत 96 लाख. त्यात फ्लोअर राइज होता. सहाव्या मजल्यानंतर दर मजल्याला चौरस फुटामागे 40 रुपये जास्त. म्हणजे 25 मजले गुणिले 40 गुणिले 980 फूट, झाले 9 लाख 80 हजार. (त्या 980 फुटांत कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, 610 च होतं, पण तो राग आता जुना झाला.) जो मजला महापालिकेच्या लेखी नव्हताच, त्याच्या उंचीचे आम्ही पावणेदहा लाख मोजले.

मुंबईत हे कसं चालतं ते मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! अख्ख्या टॉवरची परवानगी एकदम मिळतेच असं नाही. आधी आयओडी, म्हणजे नकाशांना अटींसह मंजुरी, मग बहुतेक वेळा जोत्यापुरती सीसी. पुढे बिल्डर जसजसे जादा बांधकामाचे प्रीमियम भरतो, टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीवरचा बांधकामाचा हक्क, विकत घेतो, विमानतळ प्राधिकरणाची उंचीची ना-हरकत आणतो, तसतशी सीसी वर सरकते. हे सगळं कायदेशीर आहे. पण याचा अर्थ असा की वरचे मजले बिल्डरच्या खिशावर अवलंबून. खिसा आटला की सीसी जिथे असेल तिथे थांबते. खालच्यांना निदान स्लॅब मिळतो, वरच्यांना नुसतं आकाश. आणि फ्लोअर राइज वरच्यांनीच जास्त भरलेला असतो.

आता दुसरी गोष्ट, जिने आमचं कंबरडं मोडलं. योजना होती 20:80. आम्ही 20 टक्के म्हणजे 19 लाख 20 हजार भरायचे, उरलेल्याचं कर्ज, आणि पझेशनपर्यंतचं व्याज बिल्डर भरणार. सबव्हेन्शन म्हणतात याला. घरभाडं आणि हप्ता एकदम नको, म्हणून आम्हाला ती देवाचीच कृपा वाटली. सप्टेंबर 2013 मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं होतं की कर्जाचे पैसे बांधकामाच्या टप्प्यांशी जोडूनच सोडा. आमचं कर्ज मात्र बँकेचं नव्हतं, एका गृहकर्ज कंपनीचं होतं आणि ती कंपनी बिल्डरनेच आणून बसवलेली. सेल्स ऑफिसमध्येच तिचं टेबल होतं. एकाच पंख्याखाली घर विकणारा आणि कर्ज देणारा बसलेले असतात, तेव्हा त्या खोलीत आपलं कुणीच नसतं, हे मला पतपेढीत इतकी वर्षं काढूनही सुचलं नाही.

2016 संपेपर्यंत कंपनीने बिल्डरला 62 लाख देऊन टाकले. साइटवर तेव्हा पोडियम, म्हणजे खालचे पार्किंगचे मजले, आणि वर नऊ मजले. डिमांड लेटरची, म्हणजे बिल्डरच्या पैशांच्या मागणीपत्राची, प्रत आम्हाला पोस्टाने यायची, आम्ही ती फाईलला लावायचो. एकदाही जाऊन स्लॅब मोजले नाहीत. व्याज तो भरतोय ना, मग आपलं काय जातं!

मग एकामागून एक सुरू झालं. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदी, बुकिंग थंडावली. 2017 मध्ये रेरा, म्हणजे बिल्डरांना शिस्त लावणारा कायदा, आला. त्याने ग्राहकांचे 70 टक्के पैसे त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायला लावले. ऐकायला बरं वाटतं, पण आमच्या बिल्डरचा धंदाच नव्या टॉवरच्या बुकिंगवर जुन्याचे स्लॅब टाकण्यावर चाललेला. आमचे पैसे मुलुंडच्या इमारतीत गेले होते, आणि आमच्या टॉवरसाठी पैसे ज्या पुढच्या प्रकल्पातून यायचे तो सुरूच झाला नाही. सप्टेंबर 2018 मध्ये आयएल अँड एफएस ही बडी वित्त कंपनी बुडाली आणि बिल्डरांना कर्जावर कर्ज फिरवून देणाऱ्या वित्त कंपन्यांनी हात आखडले. तेजीत चाक फिरत असतं तेव्हा कोण कुणाच्या पैशावर उभा आहे हे दिसत नाही.

आम्हाला काय दिसलं? जानेवारी 2018 मध्ये आमचे हे साइटवर गेले, तर टॉवर क्रेन काढलेली. वॉचमन म्हणाला, ‘भाडं थकलं होतं, घेऊन गेले.’ अकराव्या मजल्यावर कॉलमच्या सळया तशाच उभ्या, गंजून लाल. पुढचे मजले चढवायचे असते तर क्रेन कुणी काढली असती का? त्या रात्री मी करारनामा उघडला आणि 87 वं पान सापडलं.

ऑक्टोबर 2018 पासून बिल्डरने व्याज भरणं बंद केलं. महिन्याचं व्याज 49 हजार. माझा पगार तेव्हा 38 हजार. आम्ही डोंबिवलीत भाड्याने. आम्ही, बिल्डर आणि कर्ज कंपनी यांच्यातल्या त्रिपक्षीय करारात स्वच्छ लिहिलेलं: बांधकाम रखडलं तरी कर्जदाराची जबाबदारी कायम. बिल्डर व्याज ‘भरेल’ असं होतं, पण भरलं नाही तर कुणाकडून घ्यायचं तेही होतं. वसुलीवाल्यांचे फोन ह्यांच्या ऑफिसात जायला लागले. दागिने मोडून सव्वा वर्ष भरलं, मग हात टेकले. जुलै 2019 मध्ये राष्ट्रीय आवास बँकेने गृहकर्ज कंपन्यांना अशा योजना थांबवायला सांगितल्या. पेपरात ती बातमी वाचताना ह्यांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

5 हजार रुपये फी भरून महारेराकडे, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार केली. बिल्डरने रेराच्या नोंदणीत पझेशनची तारीख डिसेंबर 2022 टाकली होती, करारात डिसेंबर 2018. तो म्हणे, 2022 पर्यंत थांबा. आदेश आमच्या बाजूने लागला: पैसे परत, त्यावर स्टेट बँकेच्या एमसीएलआरपेक्षा, म्हणजे तिच्या कर्जाच्या मूळ दरापेक्षा, 2 टक्के जास्त व्याज. पेढे वाटले आम्ही, वेड्यासारखे. आदेश हातात असणं आणि पैसे हातात येणं यात किती अंतर आहे ते नंतर कळलं. वसुलीचं वॉरंट निघालं, तेवढ्यात दुसऱ्या एका घेणेकऱ्याने कंपनीला दिवाळखोरीत खेचलं आणि कायद्याप्रमाणे सगळ्या वसुल्या गोठल्या. 2018 च्या दुरुस्तीमुळे घर घेणारेही वित्तीय धनको, म्हणजे कंपनीला कर्ज दिल्यासारखे, मानले जातात, म्हणून आम्ही दाव्याचा फॉर्म भरून रांगेत आहोत. नव्या बिल्डरचा जो आराखडा धनकोंच्या मतदानाला आला त्यात टॉवर 22 मजल्यांवर थांबतो. आमच्या नावापुढे ‘मजला नंतर ठरवू’ असं लिहिलंय.

टोकन देण्याआधी आज मी काय करेन? सीसी ‘आहे का’ असं विचारणार नाही, कारण त्याला उत्तर नेहमी ‘आहे’ असंच येतं. ‘कुठल्या मजल्याच्या स्लॅबपर्यंत आहे’ ते विचारेन आणि कागद मागेन. ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा आहे, त्यातून महारेराचं पान उघडतं, तिथे मंजूर क्षेत्रफळ वेगळं आणि ‘प्रस्तावित पण मंजूर नाही’ असं वेगळं दिलेलं असतं. दुसरा आकडा मोठा असेल तर आपला मजला त्यात आहे का ते बघेन. करार नोंदवल्याशिवाय 10 टक्क्यांवर एक पैसा देणार नाही, कायदाही तेच सांगतो. आणि डिमांड लेटर आलं की रविवारी साइटवर जाऊन मजले बोटांवर मोजेन. पोडियम सोडून. पोडियमचे मजले धरून आकडा फुगवायची यांची जुनी सवय आहे.

गेल्या महिन्यात भाचा ब्रोशर घेऊन आला. ठाण्याला टॉवर, छत्तिसावा मजला, आता फक्त 10 टक्के, बाकी ओसी, म्हणजे राहायला जाण्याचा दाखला, आल्यावर. मी फोनवर कोड स्कॅन केला, सीसीची पीडीएफ उघडली, मोठी करून त्याला दाखवली. चौदाव्या मजल्यापर्यंत.

त्याने पाहिली, मान हलवली. मग म्हणाला, ‘पण मावशी, फ्लोअर राइज माफ केलाय त्यांनी.’