टीटी, मस्टँग की केमन: नाशिकच्या पावसाळ्यात रोज कोणती?

ऑडी टीटी, तिसरी पिढी, 2.0 टीएफएसआय (टर्बो पेट्रोल) क्वाट्रो (म्हणजे ताकद चारही चाकांना), 230 पीएस (अश्वशक्ती). वापर आठ महिने, त्यात अख्खा पावसाळा. रोज गंगापूर रोड ते अंबड एमआयडीसी, अधूनमधून कसारा घाट. निवडताना समोर आणखी दोन कूपे (दोन दारांच्या स्पोर्टी गाड्या) होत्या: फोर्ड मस्टँग जीटी आणि पोर्शे 718 केमन. तिन्ही सेकंडहँडच बघितल्या. टीटीचं तर उत्पादनच 2023 मध्ये थांबलं.

आधी टायर, मग गाडी. असल्या गाड्या वर्षाकाठी जेमतेम काही हजार किलोमीटर फिरतात. नक्षी नव्यासारखी दिसते, रबर मात्र दगड झालेलं असतं. टायरच्या कडेला DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपलीकडचं टायर कोरड्यात काही बोलत नाही. ओल्या सिमेंटच्या रस्त्यावर ब्रेक दाबला की एबीएस लगेच पायाखाली थडथडायला लागतं. नक्षीची कायदेशीर मर्यादा 1.6 मिमी आहे, पण एवढी रुंद टायरं पावसाळ्यासाठी 3 मिमीलाच बाद समजा.

हवाही तितकीच महत्त्वाची. साचलेल्या पाण्यावर झिजलेलं टायर कोणत्या वेगाला तरंगायला लागतं, ते हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतं. 33 पीएसआयला ताशी साधारण 96 किमी, 25 पीएसआयला 83. म्हणजे नुसती हवा कमी असल्यामुळे तेरा किलोमीटर हातचे गेले. दर पंधरा दिवसांनी, गाडी थंड असताना हवा तपासा. आणि समृद्धीवर 120 ची पाटी आहे म्हणून इगतपुरीच्या पावसात 120 धरायचेच असं नसतं.

आता गाड्या. मस्टँगची पाच लिटरची व्ही8 सगळी ताकद मागच्या चाकांना देते आणि वजन पुढे. द्वारका चौकात ओल्यात सिग्नल सुटला आणि पाय जरा जड पडला की मागचा भाग कूस बदलतो. तिच्यातला स्नो/वेट मोड थ्रॉटल मवाळ करतो. पावसात तोच लावून ठेवायचा, त्यात कमीपणा नाही. केमनचं इंजिन मागच्या चाकांच्या लगेच पुढे बसतं, त्यामुळे त्या चाकांवर वजन पडतं आणि पकड मस्टँगपेक्षा कितीतरी चांगली. तिघींत चालवायला सगळ्यात गोड हीच. पण नाक हलकं आहे. पाण्याच्या डबक्यावरून जाताना स्टिअरिंग क्षणभर पोकळ लागतं. शिवाय मागची टायरं पुढच्यांपेक्षा रुंद (18 इंचीत पुढे 235, मागे 265), म्हणजे पुढची मागे फिरवता येत नाहीत.

टीटीत चारही टायरं एकाच मापाची आणि ताकद चारही चाकांना. घाटात चढावर, वळणातून बाहेर पडताना ती सरळ निघते, नाटक नाही. मात्र क्वाट्रो ब्रेकला कवडीची मदत करत नाही. थांबताना चारही गाड्या, म्हणजे या तिन्ही आणि शेजारची अल्टो, टायरवरच थांबतात. पकड आहे म्हणून वेग वाढतो आणि मग उतारावर जीव गोळा होतो, हा खरा धोका.

टीटीचं एक दुखणं जाणून घ्या. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या हॅल्डेक्स क्लचच्या पंपाला बारीक जाळी असते. क्लचचा गाळ तिच्यात अडकतो, पंप दमतो, आणि गाडी गुपचूप फक्त पुढच्या चाकांवर चालायला लागते. डॅशबोर्डवर दिवा लागेलच असं नाही. दर तीन वर्षांनी ऑइल बदलताना पंप काढून जाळी धुवून घ्या. नुसतं ऑइल बदलून बिल देणारे बरेच आहेत. सहा गिअरच्या ड्युअल क्लचचं ऑइल आणि फिल्टर 60,000 किमीला. टायर बदलायचं तर चारही एकदम, कारण नक्षीतला मोठा फरक हॅल्डेक्सला सोसत नाही.

गिरणारे, दिंडोरीकडे गेलात तर द्राक्षबागांतून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती डांबरावर सांडलेली असते. भुरभुर पाऊस पडला की तिचं लोणी होतं. तिथे क्वाट्रो, पीडीके (पोर्शेचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स), कशाचंच चालत नाही. वळणाच्या आधी वेग उतरवा, वळणात ब्रेकला पाय लावू नका.

पाणी साचलेलं दिसलं तर अंदाज चाकाच्या रिमवरून घ्यायचा. पुढच्या गाडीचं अर्धं रिम बुडतंय, तर कूपे मागे फिरवा. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारू नका: सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. असलं नुकसान साध्या विम्यात बसत नाही, इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. आणि गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की गोदाघाटावर पार्किंग नको. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या (पुराची उंची त्याच्यावरूनच सांगतात) कमरेला पाणी लागेपर्यंत कूपेचं छप्परही दिसणार नाही.

तिघींच्याही दारांच्या काचांना फ्रेम नाही. दार उघडताना काच जराशी खाली सरकते, बंद केल्यावर रबरात वर बसते. बॅटरी मेली की काच सरकत नाही आणि दार ओढलं की रबर सोलवटतं. रबराला पावसाळ्याआधी आणि मध्ये एकदा सिलिकॉन ग्रीस लावा. वायपरखालच्या जाळीतला गुलमोहराचा पाला दर आठवड्याला हाताने काढा. ती बारीक पानं निचऱ्याच्या नळीत गच्च बसतात, पाणी एसीच्या वाटेने आत येतं, मग काचांवरचं धुकं काही केल्या जात नाही.

कोरड्या दिवशी गाडी बघायला गेलात तर आधी वॉशिंग सेंटरवर न्यायला सांगा. धुतल्यावर पुढच्या पायाखालचे आणि डिकीतले गालिचे उचलून खालचा फोम दाबून पाहा. बोट ओलं झालं तर सौदा तिथेच थांबवा.