जेमतेम वापरलेला फोर्क

परवा एक जाहिरात नजरेस पडली. ग्रॅव्हल बाइकचा, म्हणजे खडी-मातीच्या रस्त्यावरच्या सायकलीचा, सस्पेन्शन फोर्क (पुढचं चाक धरणारा आणि धक्क्याला दबणारा भाग), जेमतेम वापरलेला, नुकतीच सर्व्हिसिंग झालेला, जुना फोर्क देऊन बदलूनही मिळेल. शब्द ओळखीचे होते आणि विकणाराही तोच. सहा महिन्यांपूर्वी याच शब्दांवर विश्वास ठेवून मी फसलो. आणखी कुणी त्याच्या दारात जाऊ नये म्हणून सगळं सांगतो.

माझी अडचण खरी होती. खडीच्या रस्त्यावर दोन-तीन तास सायकल चालवली की तळहात बधिर व्हायचे, करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या यायच्या. पुढे सस्पेन्शन बसवलं की हे थांबेल, असं मी मनाशी ठरवूनच गेलो होतो. विकणाऱ्याला ते पहिल्या पाच मिनिटांत कळलं असणार.

त्याचं पहिलं खोटं माझ्या सायकलीबद्दल होतं. "तुमची फ्रेम सस्पेन्शनसाठीच बनवलेली आहे," असं तो ठामपणे म्हणाला. ती तशी नव्हती. चाकाच्या आसापासून फोर्कच्या माथ्यापर्यंतची उंची माझ्या जुन्या कार्बन फोर्कमध्ये 395 मिलिमीटर होती, या नव्यात 435. म्हणजे सायकलीचं नाक 40 मिलिमीटर वर गेलं. ढोबळ हिशेब असा, की दर 20 मिलिमीटरला हेड ट्यूबचा (फ्रेमच्या पुढच्या, फोर्क बसतो त्या नळीचा) कोन साधारण एका अंशानं कलतो. बसल्यावर फोर्क थोडा दबतो हे धरलं तरी दीड अंशाचा फरक राहिलाच. चढावर पुढचं चाक भरकटू लागलं, हळू वेगात हँडल आपोआप एका बाजूला कलू लागलं, सीटचं टोक वर झालं. काही फ्रेम ही वाढीव उंची गृहीत धरूनच आखलेल्या असतात आणि त्यांचा साधा फोर्कही उंच असतो. आपली फ्रेम त्यातली आहे का, हे बनवणाऱ्यांच्या माहितीपत्रकात बघता येतं. मी ते न बघता त्याच्या तोंडच्या शब्दावर गेलो.

दुसरं खोटं जास्त हुशारीचं होतं. त्यानं फोर्क माझ्यासमोर हातानं दाबून दाखवला. तो झटकन खाली गेला आणि तितक्याच झटकन वर आला. "बघा किती तरतरीत आहे," तो म्हणाला. मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं, की चांगला फोर्क असा उसळत नाही. आतल्या डॅम्परचं, म्हणजे हालचाल मंदावणाऱ्या भागाचं, तेल त्याला वर येताना धरून ठेवतं. रिबाउंडचा खटका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला की वर येण्याचा वेग स्पष्ट बदलायला हवा. इथं काहीच बदलत नव्हतं. लॉकआउट, म्हणजे फोर्क दबू न देणारा खटका, लावूनही फोर्क दबत होता. मी विचारलं तेव्हा उत्तर तयार होतं: "मोठ्या धक्क्यानं आत काही तुटू नये म्हणून लॉक असतानाही थोडा दबतोच." बऱ्याच फोर्कमध्ये तशी सोय असते, हे खरं आहे. पण हा थोडा नव्हे, अर्ध्यापेक्षा जास्त दबत होता. अर्धं खरं ऐकवून माझी शंका त्यानं मिटवली, याचा मला अजून संताप येतो.

फोर्कच्या खालच्या पायांत सरकणाऱ्या वरच्या नळ्यांना त्यानं जाड ग्रीस चोपडलं होतं. "सर्व्हिसिंगनंतरचं आहे," म्हणाला. सर्व्हिसिंगनंतर नळ्या पुसून स्वच्छ करतात. घरी पुसल्यावर मागच्या बाजूला नखाला लागेल एवढा लांब ओरखडा दिसला, त्यात पारदर्शक नेलपॉलिश भरलेलं. तो ओरखडा दर वेळी तेल अडवणाऱ्या रबरी सीलवरून घासत होता आणि तेल बाहेर येत होतं.

मेकॅनिकनं फोर्क उघडला तेव्हा खालच्या पायांतून चमचाभर काळपट तेल निघालं, त्यात धातूची चमचमती भुकटी. असा फोर्क साधारण दर 50 तासांच्या वापरानंतर उघडून, पुसून, तेल बदलून घ्यायचा असतो. याला कित्येक महिने कुणी हात लावलेला नव्हता. नळ्या माथ्यात दाबून बसवलेल्या असल्यानं एक नळी वेगळी बदलता येत नाही, वरचा अख्खा भाग घ्यावा लागतो. डॅम्परही गेलेला. दोन्ही बदलायचं म्हटलं तर खर्च जवळपास नव्या फोर्कएवढा. फोर्कवरच्या क्रमांकावरून निर्मितीचं सालही कळलं, आणि ते त्यानं सांगितल्यापेक्षा तीन वर्षं आधीचं निघालं.

सगळ्यात जास्त लागलं ते पुढे. बदल्यात मी माझा जुना कार्बन फोर्क देऊन बसलो होतो. परत मागायला गेलो तर तो विकून झाला होता आणि "वापरलेला माल परत घेत नाही" हे मला प्रथमच सांगण्यात आलं. मी काहीही लिहून घेतलेलं नव्हतं.

आता मूळ प्रश्न, की ग्रॅव्हल बाइकला पुढे सस्पेन्शन लावण्यात अर्थ आहे का? माझ्या फसवणुकीमुळे मी त्याला वाईट म्हणणार नाही. दगडगोट्यांच्या लांब उतारावर, ब्रेक दाबलेले असताना, चांगला फोर्क चाक जमिनीला धरून ठेवतो आणि मनगटं वाचवतो. पण ग्रॅव्हलच्या फोर्कची हालचाल तोकडी असते. रॉकशॉक्स कंपनीचा रुडी 30 किंवा 40 मिलिमीटरचा, फॉक्सचा 32 टेपर-कास्ट 40 किंवा 50चा. साध्या कार्बन फोर्कपेक्षा वजन पाऊण किलोच्या आसपास वाढतं. आणि माझ्या हातांना छळत होती ती बारीक, सततची थरथर. सीलच्या घर्षणामुळे फोर्क इतक्या बारीक धक्क्याला हलायलाच कुरकुरतो, ती थरथर टायरच पचवतो. हे मला दुसऱ्या एका सायकलस्वारानं सांगितलं, ज्याला मला काही विकायचं नव्हतं.

शेवटी पुन्हा साधा कार्बन फोर्क विकत घेतला, 38 मिलिमीटर रुंदीचे टायर काढून 45चे ट्यूबलेस बसवले आणि हवा बरीच कमी केली. मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत, पण आता चौथ्या तासानंतर येतात. उरलेल्यासाठी लवचीक रबराचे ठोकळे असलेला स्टेम (हँडल धरणारा भाग) लावून बघणार आहे. त्याला तेलही नाही, सीलही नाही.

जुना फोर्क बघायला जाणार असाल तर शॉक पंप (फोर्कमधल्या हवेचा दाब मोजायचा आणि हवा भरायचा पंप) सोबत न्या. आधी दाब मोजून लिहून ठेवा, मग विकणाऱ्यासमोर हवा पूर्ण सोडून फोर्क तळापर्यंत दाबा आणि वर ओढा. वर येताना जडपणा जाणवला पाहिजे, आत पाणी खळखळल्यासारखा आवाज येता कामा नये. नळ्या फडक्यानं पुसा आणि मागच्या बाजूनं नख फिरवा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, पाय नळ्यांवर खुळखुळतात का बघा. क्रमांकाचा फोटो जाण्याआधीच मागवा. आणि तुमच्या सायकलीचा आधीचा फोर्क निदान महिनाभर स्वतःकडेच ठेवा.

परवाच्या त्या जाहिरातीत सहा फोटो आहेत. नळ्यांची मागची बाजू एकातही नाही.